मैनेची पेटी

जज्जबाईंच्या चेंबरचं दार अरुंद आणि आमची पेटी रुंद. आडवी घालून झाली, उभी घालून झाली, तिरकी करून झाली. पेटी काही आत जाईना. कोर्टातले दोन शिपाई घामाघूम झाले. शेवटी त्यातल्या म्हाताऱ्यानं टोपी मागं सारली आणि म्हणाला, "थांबा जरा. दारच काढूया." बिजागऱ्यांचे खिळे ठोकून वर काढले आणि दाराचं अख्खं कवाड उचलून त्यानं भिंतीला टेकवलं. कडीला कुलूप तसंच लटकत होतं.

मी त्या कुलपाकडे बघत राहिले. समोर अजित तेरदाळे उभा होता. त्यानंही ते पाहिलं आणि मान खाली घातली. आमच्या ह्यांचं मात्र लक्ष नव्हतं. ते खाली बसून पडद्याच्या कड्या पुसत होते.

तीस वर्षं झाली या गोष्टीला. आमचे हे म्हणजे जादूगार व्ही. राज, घरचं नाव वसंत हुपरीकर. निपाणीपासून साताऱ्यापर्यंत असं थिएटर नव्हतं जिथं आमची कंपनी लागली नाही. कबुतरं झाली, पत्ते झाले, डोक्यावर शेगडी पेटवून चहा करून झाला, की शेवटी यायची 'कैदी मैना'. लोक त्यासाठीच बसलेले असायचे. मैना म्हणजे मी, कुमुद. मला पेटीत घालायचे, झाकण लावायचे, पुढच्या दोन कड्यांना दोन कुलपं. किल्ल्या पब्लिकमधल्या कुणाच्या तरी खिशात. पडदा ओढायचा, ड्रम वाजायचा, पडदा बाजूला करायचा. कुलपं जिथल्या तिथं, आणि मैना पेटीवर मांडी घालून केळं खात बसलेली. टाळ्या अशा पडायच्या की छपराची धूळ खाली यायची. जाहिरातीवर छापलेलं असायचं, 'जादूगार व्ही. राज यांची अद्भुत निर्मिती'. मैनेचा नुसता फोटो. पोपटाच्या पिंजऱ्याखाली पोपटाचं नाव लिहितात का कुणी!

आणि अजित? अजित आठ वर्षं आमच्याकडे होता. कुलपं तो लावायचा, पडदा तो धरायचा. माणूस शांत, कामाला वाघ. ह्यांना 'सर' म्हणायचा, मला 'वहिनी'. मग एक दिवस नमस्कार करून गेला, आणि दोन वर्षांत जयसिंगपुरात त्याच्या स्वतःच्या कंपनीची जाहिरात लागली. 'जादूगार अजितकुमार यांची पेटी'. आत त्याची बायको पद्मा. मी तोंडावर पदर घेऊन शेवटच्या रांगेत बसून पाहून आले. पडदा बाजूला झाला नि पद्मा पेटीवर बसलेली दिसली, तेव्हा माझ्या अंगाची अशी काही आग झाली की विचारू नका. केळंसुद्धा सोडलं नव्हतं हो मेल्यानं.

घरी आले आणि ह्यांच्या मागं लागले. "कोर्टात चला. आपली चीज अशी कुणाच्याही हातात सोडायची?"

"कुमुद, कोर्टात गेलं की दाखवावं लागतं," हे म्हणाले.

"लागू दे."

"एकदा दाखवलं की झालं. मग जादू कसली?"

"तुम्हाला काय! आत तुम्ही बसता का?" मी तोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी हे मुकाट्यानं शहापुरे वकिलांकडे आले.

शहापुरे वकील भला माणूस, पण असला दावा त्यांनी बापजन्मात लढवला नव्हता. चष्मा पुसत म्हणाले, "हुपरीकर, पेटंट घेतलं असतं तर काम सोपं होतं. पण पेटंट म्हणजे सगळी रीत सरकारदरबारी लिहून द्यायची, ती छापली जाणार, कुणीही वाचणार. जादूगारानं पेटंट घेणं म्हणजे आपल्या हातानं दुकानाला कुलूप लावणं. आपण गुपित चोरल्याचा दावा लावू." मग अजितचं उत्तर आलं: माझी रीत त्यांची नव्हे, आधी त्यांनी त्यांची दाखवावी. त्यावर जज्जबाईंनी तोडगा काढला. दोघांनीही आपापली रीत कागदावर लिहून बंद लखोट्यात द्यायची. चेंबरमध्ये, बंद दाराआड, वादीनं प्रयोग करून दाखवायचा. मग लखोटे फोडायचे. दोन्ही जुळले तर अजितला मनाई हुकूम.

लखोट्यात काय लिहायचं ते ह्यांनी एकट्यानं बसून लिहिलं. मला विचारलं नाही. मी म्हटलं, विचारतील कशाला? ह्यांच्या धंद्यातली रीतच तशी. मिरजेच्या उस्तादांनी ह्यांच्या कानात पहिला मंत्र घातला होता तो हाच: पेटीतल्या माणसाला विचारायचं नाही. तो आत काय करतो, कधी करतो, हे बाहेरच्याला माहीत असलं की बाहेरच्याचा कान तिकडं लागतो, आणि जिकडं जादूगाराचा कान तिकडं पब्लिकचे डोळे. म्हणून पेटी एकदा माझ्या हवाली केल्यावर ह्यांनी चौदा वर्षांत कधी आत डोकावून पाहिलं नाही. कुलपात टाकायला शिलाई मशीनच्या तेलाची एक बाटली तेवढी ह्यांच्या खिशात असायची, आणि त्या तेलाचे डाग कोटाच्या अस्तनीवरून काढता काढता माझी नखं झिजायची.

पेटी ह्यांनी बनवली, हे खरं. मागची एक फळी खाली सरकायची, मी त्यातून बाहेर. पहिली तीन वर्षं तशीच गेली. मग आमची शरयू झाली आणि माझं अंग भरलं. त्यात पावसाळ्यात रत्नागिरीला खेळ होता. समुद्राची दमट हवा, फळी फुगली. मी एक खांदा बाहेर काढला आणि तिथंच अडकले. ना पुढं, ना मागं. आत काळोख, लाकडाचा वास, स्वतःचाच श्वास तोंडावर येतोय. बाहेर हे पब्लिकला हसवतायत, "मैनेला झोप लागली वाटतं!" आणि हजार माणसं हसतायत. सात मिनिटं. मी शरयूचं नाव घेत होते. शेवटी खांद्याची सालटी निघाली तेव्हा सुटले, पेटीवर बसले आणि केळं खाल्लं. रडत खाल्लं, पण पब्लिकला लांबून काय दिसतंय!

त्या दिवशी चहा पिताना हे इतकंच म्हणाले, "उद्यापासून ड्रम जरा जास्त वेळ वाजवू." बस. एका शब्दानं विचारलं नाही, की कुमुद, काय झालं? ते माझ्या काळजात जे रुतलं ते रुतलंच.

मग मी माझी सोय पाहिली. हे हुबळीला तारखा ठरवायला गेले होते तेव्हा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या गफूरचाचांना पेटी दाखवली. मला काय हवंय ते मी कोळशानं फरशीवर काढून दिलं. झाकणाच्या मागच्या तीन बिजागऱ्या. स्क्रूची नुसती डोकी वरून दिसायची, खरी पकड आतून तीन खटक्यांची. आतून खटके दाबले की झाकण पुढच्या कुलपांसकट मागून उचललं जायचं. बाहेर येऊन वरून दाबलं की 'टक्' करून जिथल्या तिथं. ना फळी, ना खांदा. गफूरचाचा म्हणाले, "बेटी, ये तो कमाल है." अकरा वर्षांत माझ्या त्या करामतीला मिळालेली तेवढी एकच शाबासकी. काम इतकं चोख की अकरा वर्षांत खटका कधी कुरकुरला नाही.

अजितला ते कळलं होतं. एकदा कऱ्हाडला ड्रमवाला जरा चुकला. खेळ संपल्यावर अजित माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, आज टक् आवाज ड्रमच्या आधी आला. जपा." मी गारच पडले. त्यानं पुन्हा कधी विषय काढला नाही. आणि मला वाटलं, जाऊ दे, घरचाच माणूस आहे.

तर त्या दिवशी कोर्टाच्या चेंबरमध्ये पेटी ठेवली. जज्जबाई पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी. त्या, दोन्ही वकील, स्टेनो, अजित, हे आणि मी. दाराचं कवाड शिपायांनी परत बसवलं. ह्यांनी पडदा उभा केला. मी पेटीत पाय टाकणार, तेवढ्यात शहापुरे वकील माझ्या कानाशी आले.

"वहिनी, लखोट्यात लिहिलंय तसंच बाहेर यायचं हं. मागची फळी."

"फळी?"

"हुपरीकरांनी तसंच लिहून दिलंय, प्रतिज्ञेवर. बाकी काही करू नका, नाहीतर खोटं प्रतिज्ञापत्र दिलं म्हणून आपल्यालाच अडकवतील."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी नेहमीसारखा हात पुढं केला, जसा स्टेजवर करायचे. मी तो हात धरला आणि आत बसले. झाकण पडलं. एक कुलूप. दुसरं कुलूप.

काळोखात माझं डोकं भणभणायला लागलं. म्हणजे ह्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं! अकरा वर्षं मी दुसऱ्याच वाटेनं बाहेर येत होते आणि ह्या माणसाला पत्ता नाही. फळीनं आले तर प्रतिज्ञापत्र खरं ठरणार, पण अजितच्या लखोट्यात असणार खटके. जुळणार नाही, दावा गेला. खटक्यांनी आले तर अजित चोर ठरणार, पण त्याच्या आधी माझा नवरा खोटारडा ठरणार. आणि आलेच नाही तर? तर व्ही. राजची मैना कोर्टात पेटीत अडकली, हे दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहरात.

मी फळीला हात लावला. म्हटलं, नवऱ्याची अब्रू आधी. फळी लोण्यासारखी खाली सरकली. इतक्या वर्षांनी! नवल करायलाही वेळ नव्हता. मी उजवा खांदा घातला, श्वास सोडला, अंग चोरलं. खांदा गेला आणि छाती अडकली.

पुन्हा तीच रत्नागिरी. तोच लाकडाचा वास. इथं ड्रम नव्हता, हसणारी माणसं नव्हती. पंख्याचा आवाज येत होता आणि स्टेनोच्या बांगड्यांचा.

"साधारण किती वेळ लागतो?" जज्जबाईंनी विचारलं.

"होईल, मॅडम," हे म्हणाले. तोच स्टेजवरचा आवाज.

मग दुसरा आवाज आला. "मॅडम, वहिनींना त्रास होत असेल. थांबवावं असं मला वाटतं." अजितचा.

काय सांगू! चोरानं विचारावं आणि घरच्यानं विचारू नये? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते भीतीचं की रागाचं, मला आजही सांगता येणार नाही. मी जोर करून खांदा आत ओढून घेतला. ब्लाउज फाटला. वर हात नेला आणि खटके दाबले.

टक्. टक्. टक्.

शांत खोलीत ते तीन आवाज सगळ्यांनी ऐकले. झाकण मागून उचलून मी बाहेर आले, झाकण दाबून बसवलं आणि पडदा माझा मीच बाजूला केला. सवयीनं पेटीवर मांडीसुद्धा घातली. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

जज्जबाईंनी पहिला लखोटा फोडला. वाचला, पेटीमागं जाऊन उघड्या फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "यात लिहिलंय की बाई या फळीतून बाहेर येतात. तुम्ही फळीतून आलात?"

"नाही, मॅडम."

"वहिनी!" शहापुरे वकील पुटपुटले.

"त्यांना बोलू द्या. मग कशा आलात?"

मी खटके दाखवले. एकेक करून, तिन्ही. त्यांनी दुसरा लखोटा फोडला आणि मोठ्यानं वाचला. "बिजागऱ्यांचे तीन खटके. ही रीत माझी नाही. ही रीत कुमुदवहिनी हुपरीकर यांची. मी ती त्यांना न विचारता घेतली. सरांची रीत मी घेतलेली नाही." खाली सही, अजित तेरदाळे.

माझं नाव कागदावर आलं ते असं. चोराच्या हस्ताक्षरात.

"ही जादू कोणाची, बाई?" जज्जबाईंनी विचारलं. इतकं सरळ मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

"माझी," मी म्हटलं. "मी काढली, मी करून घेतली, अकरा वर्षं मी केली. ह्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं."

हे पडद्याची घडी घालत राहिले.

जज्जबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "वादीनं जी रीत आपली म्हणून सांगितली ती कुणी चोरलेली नाही. जी चोरली ती वादीची नाही. हा दावा टिकत नाही. बाई, तुम्ही स्वतःच्या नावानं दावा लावू शकता. पण गुपिताला कायदा हात देतो ते जोवर गुपित आहे तोवर. आज या खोलीत किती माणसं आहेत, बघा." मग ह्यांच्याकडे वळून त्या कडक आवाजात म्हणाल्या, "आणि हुपरीकर, प्रतिज्ञेवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. ती फळी निदान उघडते, म्हणून मी हे इथंच सोडते."

अजित जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले.

परत जाताना टेंपोत पुढं जागा नव्हती. मागं पेटी, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. उन्हं कलली होती. पंचगंगेचा पूल आला. मग मलाच राहवेना.

"ठाऊक नसताना प्रतिज्ञेवर लिहिलंत कशाला? माझी चीज आपली म्हणून लिहायची होती तर निदान खरी तरी लिहायची."

हे लांब नदीकडे बघत म्हणाले, "बिजागऱ्या कधी कुरकुरल्या का गं?"

"म्हणजे?"

ह्यांनी खिशातून ती तेलाची बाटली काढली आणि पेटीवर ठेवली. "हुबळीहून आलो आणि आठवड्यानं स्क्रू घट्ट करायला घेतले. फिरेनात. नुसती डोकी. तेव्हाच कळलं. म्हटलं, हिनं माझ्यापेक्षा चांगली जादू काढली. मग दर खेळाआधी तेल घालत आलो. आज सकाळीसुद्धा."

त्या अस्तनीवरचे डाग माझ्या डोळ्यांपुढं आले.

"मग लखोट्यात..."

"तू कोर्टात जायचंच म्हणालीस. मी म्हटलं, जाऊ. दावा हरू. माझी जुनी फळी जाईल, गेली तर गेली. तुझे खटके कशाला चव्हाट्यावर आणायचे? अजितचा कागद जज्जबाई वाचून मिटतील, असं वाटलं. तेवढे तुझे राहिले असते." मग म्हणाले, "फळीला काल साबण लावून ठेवला होता. सरकली ना नीट?"

"अहो, सरकली!" मी रडत ओरडलेच. "फळी सरकली. मी मावत नाही तिच्यातून! शरयूनंतर कधीच मावले नाही!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "मला वाटलं, लाकूड फुगलं म्हणून तू सोय बदललीस."

"मला एकदा विचारायचं तरी!"

"पेटीतल्या माणसाला..." ह्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

महिनाभरात व्हायचं तेच झालं. सांगलीच्या खेळात मी पेटीत बसले, पडदा ओढला, आणि ड्रम सुरू व्हायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "बिजागरी बघा, बिजागरी!" अख्खं थिएटर हसलं. तो मैनेचा शेवटचा खेळ. अजितनंही त्याची पेटी बंद केली म्हणे. मी दावा लावला नाही. कशाचा लावणार?

पण टेंपोतलं सांगायचं अजून संपलं नाही. गाव जवळ आलं तेव्हा हे बाटलीचं बूच उगाच उघडत होते, लावत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता विचारू का?"

"काय?"

"आत भीती वाटायची का गं तुला?"

चौदा वर्षं झाली होती. शेकडो खेळ.

"रोज," मी म्हटलं. "रोज वाटायची."